शुक्रवारी लूम बंद असतात

“बोला बिनधास्त. इंग्लिश शाळेतली हाय ती, तिला काय कळतंय आपलं.”

हे माझ्याबद्दल होतं. मी आतल्या खोलीत शेठकाकांच्या मुलीला इंग्रजीचा धडा वाचून दाखवत होते आणि शेठकाका ओटीवर चार-पाच जणांना घेऊन बसले होते. मधलं दार अर्धं उघडं होतं. मुलगी पेन्सिलीचं टोक चावत खिडकीबाहेर बघत होती. मी वाचायची थांबले नाही, फक्त आवाज थोडा खाली आणला.

शुक्रवार होता. भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. बाकीचे दिवस गल्लीगल्लीत खडखडाट भरलेला असतो, त्यामुळे आमच्या गावातली माणसं जन्मापासून मोठ्याने बोलतात. घरात मीठ मागायचं असलं तरी ओरडून मागतात. शुक्रवारी खडखडाट थांबतो, पण सवय थांबत नाही. बाहेरगावचा पाहुणा शुक्रवारी आला तर त्याला वाटतं, घरोघर भांडणं चालली आहेत. शाळेत आणि घरी मला कायम “जरा मोठ्याने” असं सांगितलं जायचं, म्हणून हे माझ्या लवकर लक्षात आलं असेल. आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्या दुपारी ओटीवरच्या एकालाही कळत नव्हतं.

ते सगळे सायझिंगवाले होते. सुताला खळ लावायची, ते वाळवायचं आणि मोठ्या रुळावर गुंडाळून द्यायचं, हे सायझिंगचं काम. त्या रुळाला बीम म्हणतात. बीम चढलं की लूम चालतो. बीम नसलं तर लूम म्हणजे नुसतं लोखंड.

“वळ गावच्या सायझिंगमधून बीम आणलं तिनं,” एक जण म्हणाला. “भाव कमी म्हणून.”

“वळवाला काय म्हणतो?”

“तो आता आपल्यात हाय. हा काय बसलाय, त्यालाच विचारा.”

सगळे हसले. वळवालाही हसला असावा.

“मग ठरलं,” शेठकाका म्हणाले. “तिला बीम द्यायचं न्हाय. कुणीच न्हाय.”

“विचारायला आली तर?”

“कोळसा न्हाय सांगा. मशीन बंद हाय सांगा. सगळ्यांनी एकच सांगू नका म्हंजे झालं.”

मग काकी चहा घेऊन आली. ओटीवर कपबश्या गेल्या. मुलीला दूध. मला नेहमीसारखा काचेच्या ग्लासात चहा. तो ग्लास त्या घरात फक्त माझ्यासाठी होता. बाकीच्या भांड्यांबरोबर तो मी कधी पाहिला नाही. मोरीच्या खिडकीत उपडा ठेवलेला असायचा. पहिल्याच आठवड्यात हे माझ्या लक्षात आलं होतं आणि मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. मी चहा प्यायले, धडा पुरा केला आणि घरी आले. ‘ती’ कोण, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

तेव्हा मी बारावीला होते. पप्पा सरकारी वकील होते, पण सरकारी वकील म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं ते त्यांचं काम नव्हतं. खून, मारामारी, जमीन, घटस्फोट यातलं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. व्यापाऱ्यांनी आपापसांत भाव ठरवला, माल अडवला, एखाद्याला बाजारातून बाहेर काढायचं ठरवलं, तर त्याविरुद्ध एक कायदा होता आणि त्या कायद्याखाली सरकारची बाजू मांडायला ते नोकरीला होते. ऑफिस मुंबईला, मोठ्या तारखा दिल्लीला. आमच्या वस्तीतला पहिला काळा कोट त्यांचा. आजोबा नगरपालिकेत झाडूकामाला होते. त्यामुळे तो कोट दांडीवर वाळत असला की शेजारपाजारचे लोक जरा वाकून जायचे. पण त्या कोटाचा उपयोग काय, हे कुणालाच समजत नव्हतं.

“मेव्हण्याला पोलिसांनी धरलंय, वकीलसाहेब, जरा बघा ना.”

“ते माझ्याकडे येत नाही हो.”

“घराच्या हिश्श्याचं तरी बघा.”

“तेही नाही.”

माझी आत्या तोंडावर म्हणायची, “तुझं काळं डगलं शोभेचं आहे रे, दादा. गणपतीला आरास करतात तसं.” पप्पा हसायचे.

शेजारी एक मास्तर राहायचे. त्यांना पप्पांनी एकदा सगळं नीट समजावून सांगितलं. मास्तरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे एकी केली की गुन्हा? आम्ही तर पोरांना उलटं शिकवतो. आणि आपल्या समाजाचं तर सगळं एकीवरच चाललंय.”

“एकी कुणाविरुद्ध केली ते बघायचं असतं, मास्तर.”

“ते कोण बघणार?”

“मी,” पप्पा म्हणाले. त्यावर दोघेही हसले.

त्या शुक्रवारनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी एक बाई आमच्या दारात आली. मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये तिचे चार लूम होते. नवरा वारल्यावर तीच ते चालवायची. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. आईने खुर्ची पुढे केली, पण ती उंबऱ्याजवळच बसली.

“वकीलसाब, मेरे को बीम कोई नहीं देता.”

“नहीं देता मतलब?”

“मतलब नहीं देता. एक बोलता कोयला नहीं, एक बोलता मशीन बिगडी. वो वळवाला, जिसने खुद बुलाके बीम दिया था, वो बोलता जगह नहीं. सबका कोयला एक साथ खतम होता है क्या, साब?”

पप्पांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत आमच्या दारात शंभर भानगडी आल्या होत्या, पण त्यांचं काम घेऊन कुणी पहिल्यांदाच आलं होतं. ते स्वतः उठून आत गेले आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आले. मग प्रश्न विचारायला लागले, हळू आणि नीट. मी त्यांना कोर्टात कधी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी कळलं की ते आपल्या कामात चांगले आहेत.

खाला निघताना म्हणाली, “लूम चालू हो जाएँगे ना?”

“कोशिश करूँगा,” ते म्हणाले.

संध्याकाळी ते गच्चीत उभे होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले. बोलायला सुरुवात कशी करावी हे मला सुचायचं नाही, त्यांना ते माहीत होतं, त्यामुळे ते थांबायचे. बराच वेळ गेल्यावर मी शेठकाकांच्या ओटीवरचं सगळं सांगितलं. कोण काय म्हणालं, कोण हसलं, ‘सगळ्यांनी एकच सांगू नका’ हेही. चहाचं सांगितलं नाही.

“पुन्हा सांग,” ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द.

त्यांचा चेहरा उजळला होता. अंधार पडत होता तरी मला ते दिसलं. मग तो तसाच हळूहळू विझला.

“वकिलाची मुलगी साक्षीला उभी राहिली तर केस तिथेच संपली, बाळा.”

“मग केस दुसऱ्या वकिलाला द्या.”

मी इतकं चटकन उत्तर देईन असं त्यांना वाटलं नसावं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “नाही.” का नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

केस दाखल झाल्यावर माझी शिकवणी बंद झाली. कुणी बंद कर म्हणून सांगितलं नाही. काकीने निरोप पाठवला की मुलीची परीक्षा जवळ आलीय, आता ती घरीच अभ्यास करेल. परीक्षा जवळ आल्यावर शिकवणी बंद करणारं ते पहिलंच घर असेल.

त्यानंतरच्या काही महिन्यांत पप्पा सुट्टीच्या दिवशी साक्षीदार शोधत हिंडत होते. कधी मी बरोबर असायचे. लूमवाले त्यांना मान द्यायचे. गादी झटकून बसायला द्यायचे, मुलाला चहाला पिटाळायचे, आणि मूळ विषय निघाला की लूमकडे बघायला लागायचे. एक म्हातारे गृहस्थ मात्र सरळ बोलले. “साहेब, तुमचा पगार सरकार देतं. आमचं बीम सरकार देणार का?”

“तुम्ही सगळे मिळून बोललात तर त्यांना द्यावंच लागेल.”

“सगळे मिळून,” म्हातारे म्हणाले. “ते त्यांना जमतं, साहेब. आम्हाला जमतं तर आम्हीच सायझिंग घातली नसती?”

परत येताना पप्पा पुढे चालत राहिले. गल्लीत खडखडाट चालूच होता.

शेवटी एका सायझिंगमधला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, तयार झाला. मालकाने आपल्याला काय सांगितलं ते मी सांगतो, म्हणाला. पप्पांनी त्याला घरी जेवायला बोलावलं नाही, मुद्दाम, नंतर कुणी बोट दाखवू नये म्हणून. आईला ते बरं वाटलं नाही. “एवढं मोठं काम करतोय बिचारा आणि त्याला घासभर भात नाही,” असं ती म्हणत राहिली.

पप्पांच्या कायद्याखालच्या केसेस ऐकणाऱ्या आयोगाची बैठक मुंबईत भरणार होती. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी पप्पांबरोबर गेले. उंच छताचं दालन होतं, पंखे सावकाश फिरत होते. समोरच्या बाजूला शेठकाका आणि बाकीचे सायझिंगवाले इस्त्रीच्या कपड्यांत एका ओळीत बसले होते. त्यांचा वकील उंच होता आणि फार सुंदर इंग्रजी बोलत होता, तसलं आमच्या शाळेतही कुणी बोलत नव्हतं. खाला भिंतीकडेच्या बाकावर बुरख्यात बसली होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मी मागच्या बाकावर बसले.

जॉबर आला नाही. त्याला ताप आलाय असा निरोप आला.

सायझिंगवाल्यांनी एकेक करून उत्तरं दिली. एकाचा कोळसा संपला होता. एकाचा बॉयलर दुरुस्तीला गेला होता. एकाकडे आधीच ऑर्डरी फार होत्या. वळवाला म्हणाला, बाईंनी बीम मागितलंच नव्हतं. प्रत्येकाचं कारण वेगळं होतं आणि प्रत्येक कारण खरं वाटत होतं. एकच खोटं सगळ्यांनी सांगितलं असतं तर पप्पांनी ते पकडलं असतं. मला ओटीवरचं ते वाक्य आठवलं, ‘सगळ्यांनी एकच सांगू नका.’

पप्पांनी युक्तिवाद केला. एकाच आठवड्यात, एकाच बाईला, गावातल्या प्रत्येक सायझिंगने बीम नाकारलं, त्याच आठवड्यात बाकी सगळ्यांना बीम मिळत होतं, याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं. त्यांचं इंग्रजी साधं होतं, थोडं मराठी वळणाचं, पण एकही शब्द फुकट नव्हता. मधे बसलेल्या सदस्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या आवाजात सहानुभूती होती, हे मला आजही आठवतं.

“आमच्या मनात संशय आहेच,” ते म्हणाले. “पण कायद्याला सहमती सिद्ध व्हावी लागते. हे सगळे एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं, याचा काही पुरावा आहे का तुमच्याकडे?”

पप्पा कागद चाळायला लागले. चाळण्यासारखं काही नव्हतं, मला माहीत होतं. मग त्यांनी मान वळवून मागे बघितलं, थेट माझ्याकडे. माझा हात पुढच्या बाकाच्या पाठीवर होता. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी मी उठले असते.

ते पुन्हा समोर वळले.

“नाही,” ते म्हणाले.

खाली उतरल्यावर त्यांनी मला आणि खालाला उडप्याच्या हॉटेलात नेलं आणि इडली मागवली. खालाने बुरख्याची जाळी वर केली आणि म्हणाली, “आपने पूछा तो सही, वकीलसाब. मेरे लिए किसी ने पूछा तो.” पप्पांनी इडली पुढे सरकवली. कुणीच फारसं खाल्लं नाही. ठाण्याहून भिवंडीच्या एसटीत ते खिडकीशी बसले आणि नाक्यापर्यंत बाहेर बघत राहिले.

खालाचे लूम भंगारात गेले. ती भावाकडे मालेगावला जाणार होती. ज्या दिवशी टेम्पो आला त्या दिवशी पप्पांनी रजा घेतली होती. ते गल्लीत उभे राहून बघत होते. हमाल लूमचे सांगाडे सुटे करून नेत होते आणि त्यातला एक जण त्यांना सारखा म्हणत होता, “साब, बाजू. साब, जरा बाजू.” ते बाजूला व्हायचे आणि पुन्हा तिथेच येऊन उभे राहायचे.

त्यानंतरही त्यांची नोकरी बरीच वर्षं चालली, पण माझ्या आठवणीत ती तिथेच संपते. नव्वद साल उलटलं आणि देशाचा सगळा सूरच बदलला. मोठं होणं हा काही गुन्हा नाही, असं आता सरकारच म्हणायला लागलं होतं. कायद्याची बरीच कलमं निघून गेली. पप्पांच्या ऑफिसातल्या माणसांच्या बदल्या झाल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. आधी शिपाई गेला, मग टायपिस्ट. मग फायली ठेवायला जागा भरपूर झाली, म्हणून ऑफिस लहान खोलीत हलवलं. पप्पा रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन यायचे. दिवसभर काय केलं असं आई विचारायची नाही. मी बी.कॉम. करून ठाण्याच्या एका बँकेत लागले होते. माझं टेबल आतल्या खोलीत होतं, गिऱ्हाइकांशी बोलावं लागत नसे. मला ते बरं वाटायचं. पप्पांना वाटायचं का, माहीत नाही. वकिलीला जा, असं ते मला कधी म्हणाले नाहीत.

गावही बदलत होतं. काल्हेरपासून वळपर्यंत शेतांच्या जागी गोदामं उभी राहत होती. शेठकाकांनी सायझिंग बंद केली, गावाबाहेरच्या आपल्या जमिनीवर शेड बांधल्या आणि भाड्याने दिल्या. खालाच्या जागीही एक लहानसं गोदाम आलं. संध्याकाळी फिरायला निघाले की पप्पा त्या गल्लीतून जायचे. रस्ता लांबचा पडायचा.

निवृत्त झाल्यावर ते फार दिवस राहिले नाहीत. छातीचा त्रास सुरू झाला. शेवटच्या महिन्यांत ते पलंगावर टेकून बसायचे आणि मी बँकेतून आले की मला शेजारी बसायला सांगायचे. आम्ही फार बोलायचो असं नाही. एका शुक्रवारी दुपारी, मला सुट्टी होती, बाहेर सगळं शांत होतं, ते एकदम म्हणाले, “तू रागावलीस ना तेव्हा?”

कशाबद्दल ते मी विचारलं नाही. “नाही,” म्हटलं.

“मी केस दुसऱ्याला देऊ शकत होतो. तू म्हणालीस ते बरोबर होतं.”

मी त्यांच्या अंगावरची चादर नीट करत राहिले.

“त्यांचा तो उंच वकील आठवतो? त्याने तुला पहिला प्रश्न काय विचारला असता सांगू? तुला त्या घरात चहा कशात देत होते, हे विचारलं असतं.”

माझा हात थांबला.

“मला कसं माहीत, असं वाटतं ना तुला? तुझ्या आधी मीच गेलो होतो त्या ओटीवर, शिकवणीचं बोलायला. मलाही ग्लासच दिला होता. तोच असेल.” ते थोडा वेळ दम घेत राहिले. “तो तुला सगळ्यांसमोर ते बोलायला लावणार होता. मग म्हणणार होता, पोरीच्या मनात राग आहे, म्हणून बोलतेय. आणि तू खोटं बोलली नसतीस. राग नाही, असं तू म्हणाली नसतीस.”

“नसते म्हणाले.”

“म्हणून,” ते म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण थोड्या वेळाने, डोळे मिटलेलेच होते, ते म्हणाले, “तिचे लूम चालू झाले असते पण.”

एका बाजूला खालाचे लूम, दुसऱ्या बाजूला मी, आणि आयोगापुढे त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं ते एवढंच ठरवायला, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम वस्तीतल्या समाजमंदिरात ठेवला. आमच्याकडे त्या दिवशी वंदना झाली की लोक उठून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतात. नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले, ज्याला वाटेल तो. पप्पांचा फोटो पांढऱ्या कापडावर ठेवला होता, समोर मेणबत्त्या लावल्या होत्या. आई पुढे बसली होती, मी तिच्या मागे. रविवार होता, त्यामुळे बाहेर लूम चालू होते आणि माईक असूनही बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागत होता. मास्तर बोलले. त्यांनी एकीची ती जुनी गोष्ट सांगितली, लोक हसले आणि मास्तर खाली बसले. आत्या बोलायला उभी राहिली आणि शोभेच्या डगल्याबद्दल काही सांगू गेली, पण मधेच फोटोजवळची विझलेली मेणबत्ती लावायला वळली.

शेठकाका उशिरा आले. केस पूर्ण पांढरे झाले होते, अंगावर पांढरा सफारी होता. लोकांनी वाट करून दिली. गावातली बडी असामी अशा कार्यक्रमाला आली की तिला बोलायला सांगतातच. त्यांनीही आढेवेढे घेतले नाहीत. फोटोला फूल वाहून त्यांनी माईक हातात घेतला.

“वकीलसाहेब देवमाणूस,” ते म्हणाले, आणि तेवढ्यात लाईट गेली.

पंखे थांबले. माईक मेला. बाहेरचे लूम एकामागून एक गप्प झाले, आणि गल्लीत शुक्रवारसारखं शांत झालं. शेठकाका बोलतच राहिले. त्यांचा आवाज तोच होता, माईकची त्याला गरजच नव्हती. तो समाजमंदिराच्या बाहेरपर्यंत जात होता.

“त्यांनी आमच्यावर एकदा केस घातली होती. सगळ्यांना आठवत असंल. सरकारी नोकरी, वरून हुकूम आला तर काय करणार माणूस. पण खोटी केस ती खोटीच. कुणी कुणाशी काय ठरवलंच न्हवतं, तर सिद्ध कुठून होणार? हरले. पण मनात ठेवलं न्हाय त्यांनी. रस्त्यात भेटले की नमस्कार करायचे. असा मोठ्या मनाचा माणूस.”

दोन-चार जणांनी माना डोलावल्या. आईने पदर तोंडाशी धरला. रडत होती की आणखी काही, मला मागून दिसलं नाही. मी फोटोकडे बघितलं. तो त्यांच्या ओळखपत्राचा फोटो मोठा करून घेतलेला होता, काळा कोट घातलेला, आणि मान जराशी वळलेली. फोटोग्राफरने वळवायला लावली असणार.

कार्यक्रम चालवणारे माझे मामा होते. शेठकाकांनी बंद माईक त्यांच्या हातात दिला. “आता मुलीने दोन शब्द…” मामा म्हणाले आणि माझ्याकडे बघून स्वतःच थांबले. “राहू दे. तिला बोलायची सवय नाही.”

मी उठले. पुढे जाईपर्यंत कुणाला काही वाटलं नाही, मी फूल वाहायला येतेय असं समजून बायकांनी पाय मागे घेतले. मामांनी माईक पुढे केला, मग तो बंद आहे हे आठवून मागे घेतला. शेठकाका पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. बाहेर लूम अजून बंद होते, त्यामुळे मला आवाज चढवावा लागला नाही.

“काका,” मी म्हटलं, “त्या शुक्रवारी मी आतल्या खोलीत होते. तुम्ही म्हणालात, ‘तिला बीम द्यायचं न्हाय, कुणीच न्हाय.’ मी ते ऐकलं. माझ्या पप्पांना साक्षीदार मिळाला नाही असं नाही. मी होते. त्यांनी मला बोलावलं नाही.”